बससाठी वेगळी वाट : क्रायोतचा अनुभव आणि आपण पायी चालणारे



आपण राहतो त्या गावांपैकी पुष्कळ ठिकाणी हल्ली रस्ते खणलेले दिसतात. कुठे रेल्वेसाठी, कुठे गटारांसाठी, पण बऱ्याच ठिकाणी हे काम बससाठी चाललेले असते. इमारतीच्या दाराशी इरियाचा कागद लागतो, त्यावर नकाशा असतो, नकाशावर दोन समांतर रेघा असतात, आणि त्या रेघांचा अर्थ काय हे हिब्रू वाचता येणाऱ्यालाही नीटसे कळत नाही. आपल्या मंडळींत हा विषय निघाला की दोनच मते ऐकू येतात. एक म्हणतो, आता बस विमानासारखी धावणार. दुसरा म्हणतो, आपला दारासमोरचा थांबा गेला. आमच्या मते दोघांचेही म्हणणे थोडे थोडे खरे आहे. ते कसे, हे समजून घेण्यासाठी आम्ही हा लेख लिहायला घेतला. गणित येईल, पण चौथीच्या वर जाणार नाही.

आधी नावाचा घोळ मिटवू. रस्त्याच्या कडेला पिवळ्या रंगाने आखलेला बसचा पट्टा आपण रोज पाहतो. त्याला इथे नतीव तहबुरा त्सिबुरीत, थोडक्यात नतात्स म्हणतात. तेल अवीवच्या आसपासच्या गावांत 'महीर लाईर' या नावाने जे काम चालले आहे ते मुख्यतः अशा पट्ट्यांचे. हा पट्टा म्हणजे रंग आणि कायदा. ज्याला विषय समजावून घ्यायचा आहे त्याने त्याच्या पुढची पायरी पाहावी. इंग्रजीत तिला बस रॅपिड ट्रान्झिट म्हणतात, भारतात सगळे बी.आर.टी. म्हणतात. तिच्यात चार गोष्टी एकत्र लागतात. बसला स्वतःची वाट, जिच्यात मोटार शिरू शकत नाही. बसच्या उंबऱ्याइतका उंच फलाट आणि चढण्याआधीच तिकीट. चौकात बसला आधी हिरवा दिवा. आणि वेळापत्रक पाहायची गरजच पडू नये इतक्या लागोपाठ गाड्या. चारांपैकी दोनच केल्या तर खर्च होतो आणि बस मात्र पूर्वीसारखीच चालते.

ज्यांचे बालपण भायखळ्याला किंवा डोंगरीला गेले त्यांना ही कल्पना नवी वाटायला नको. मुंबईची ट्राम अशीच रस्त्याच्या मधोमध आपल्या रुळांवरून जायची. आपण फूटपाथवरून उतरून रस्त्याच्या मध्यापर्यंत जायचो आणि तिथून चढायचो. 31 मार्च 1964 ला ती बंद झाली तेव्हा आम्ही शाळेत होतो. रूळ काढून रस्ता मोकळा केला म्हणजे वाहतूक सुटेल, असे तेव्हा मोठी माणसे म्हणत होती. मुंबईची वाहतूक त्यानंतर किती सुटली ते आपण सर्वांनी पाहिलेच आहे.

रुळांवाचून ट्रामचा फायदा मिळवण्याची युक्ती प्रथम नीट करून दाखवली ती ब्राझीलमधल्या कुरितिबा शहराने, 1974 साली. जायमे लेर्नेर नावाचे वास्तुविशारद तिथे महापौर होते. शहरात भुयारी रेल्वे आणण्याइतका पैसा नव्हता, म्हणून त्यांनी रुंद रस्त्यांच्या मधला भाग बसला दिला. पुढे डिसेंबर 2000 मध्ये कोलंबियाच्या बोगोता शहरात हीच गोष्ट फार मोठ्या प्रमाणावर झाली, आणि मग जगभरचे नगररचनाकार तिथे पाहायला जाऊ लागले. कारण साधे आहे. रुळांवरची गाडी बांधायला कितीतरी पट खर्च येतो आणि वर्षेही जास्त जातात.

आपल्या देशात हे पहिल्यांदा झाले ते हैफा आणि क्रायोतमध्ये. आपले काही लोक त्या भागात आहेत, पण जे दक्षिणेत राहतात त्यांच्यासाठी भूगोल सांगतो. हैफाच्या उत्तरेला, उपसागराच्या सपाट वाळूवर, एकमेकांना चिकटून गावे वसली आहेत: किर्यात यम, किर्यात मोत्स्किन, किर्यात बियालिक, किर्यात आता. किर्यात हाईम मात्र हैफाचाच एक भाग. बाहेरच्या माणसाला हे सगळे एकच गाव वाटते, पण प्रत्येकाची इरिया वेगळी, प्रत्येकाचा महापौर वेगळा. सकाळी इथली माणसे हैफात कामाला जातात आणि संध्याकाळी परततात. म्हणजे मुंबईला जसे कल्याण-डोंबिवली, तसे हे. फरक इतकाच की आगगाडी समुद्राच्या बाजूने एका रेषेत जाते आणि वस्ती आतपर्यंत पसरलेली आहे. स्टेशनापर्यंत पोचायलाच पुन्हा बस लागते.

या भागासाठी आधी रुळांवरच्या हलक्या रेल्वेचा विचार चालला होता. शेवटी निर्णय बसच्या बाजूने झाला आणि तिचे नाव ठेवले मेट्रोनित. ऑगस्ट 2013 मध्ये ती सुरू झाली. तेव्हा तीन मार्ग होते, मिळून सुमारे चाळीस किलोमीटर. पहिला मार्ग हैफाच्या दक्षिण टोकाला होफ हाकार्मेलपासून निघतो, खालच्या शहरातून उपसागराच्या मोठ्या बसस्थानकावर, म्हणजे मेर्काझित हामिफ्रात्सला येतो आणि पुढे क्रायोतमध्ये शिरतो. दुसरा मार्ग किर्यात आताला जातो. गाड्या जोडबस आहेत, मध्ये हार्मोनियमच्या भात्यासारखा भाग असलेल्या. साधी बस बारा मीटरची असते, ही अठरा मीटरच्याही वर. सगळ्या दारांनी चढता येते, कारण ती सुरू झाली तेव्हाच रावकाव फलाटावरच्या यंत्राला लावून मग चढायचे असे ठरले. ड्रायव्हरपाशी सुटे पैसे मोजत बसायचे नाही. चौकाजवळ येताच गाडीची चाहूल सिग्नलला लागते आणि हिरवा दिवा थोडा लांबतो किंवा थोडा आधी लागतो.

आता यातले हिशेब पाहू. एका गोष्टीवर सर्वांत जास्त भांडण होते, ती म्हणजे मोटारींची एक ओळ बसला का द्यायची. शहरात, जिथे सिग्नल आहेत तिथे, एका ओळीतून तासाला आठशे-नऊशे मोटारी जातात असे धरा. प्रत्येकीत सरासरी सव्वा माणूस. (सव्वा माणूस ऐकून वर्गात मुले हसायची. पण चार मोटारींत पाच माणसे असा त्याचा अर्थ.) म्हणजे तासाला हजार-अकराशे माणसे. त्याच ओळीतून दर तीन मिनिटांनी एक जोडबस सोडली तर तासाला वीस गाड्या होतात, आणि प्रत्येकीत शंभर माणसे धरली तर दोन हजार. गाड्या भरलेल्या असल्या तर ओळ बसला देणे फायद्याचे, हे स्पष्ट आहे. पण दर पंधरा मिनिटांनी एक अर्धी रिकामी बस जात असेल तर मोटारवाला चिडतो, आणि त्याचेही चुकत नाही. म्हणून वाट बांधण्याआधी गाड्या किती सोडणार हे विचारायला हवे. वाट एकदाच बांधायची असते, तिच्यासाठी पैसा मंजूर होतो. गाड्या आणि ड्रायव्हर मात्र रोज लागतात, आणि नेमके तिथेच सरकारचा हात आखडतो.

दुसरा हिशेब थांब्यांचा. आमच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा हाच, म्हणून इथे जरा थांबू.

साध्या बसचे थांबे साधारण अडीचशे-तीनशे मीटरवर असतात. जलद बसचे पाचशे-सहाशे मीटरवर ठेवतात. का? प्रत्येक थांब्याला ब्रेक लावणे, दारे उघडणे, माणसे चढणे-उतरणे, पुन्हा वेग घेणे यात अर्धे मिनिट जाते असे धरू. बारा किलोमीटरच्या मार्गावर दर तीनशे मीटरला थांबा असेल तर चाळीस थांबे, म्हणजे वीस मिनिटे. दर सहाशे मीटरला असेल तर वीस थांबे, म्हणजे दहा मिनिटे. पूर्ण मार्ग जाणाऱ्याची दहा मिनिटे वाचली. रोज जाऊन येऊन वीस. नोकरी करणाऱ्या मुलाबाळांसाठी ही लहान गोष्ट नाही.

आता आपला प्रवास घ्या. आपल्याला बारा किलोमीटर जायचे नसते. कुपात होलीम, शूक, सिनेगॉग, बहिणीचे घर, सगळे दोन-अडीच किलोमीटरच्या आत. दोन किलोमीटरच्या प्रवासात वाटेतले सहा थांबे होते, त्यांचे दोन झाले. वाचले चार थांबे, म्हणजे दोन मिनिटे. पण थांबे लांब झाल्यामुळे चालणे वाढले. पूर्वी रस्त्याच्या कडेने फार तर दीडशे मीटर चालले की थांबा यायचा, आता तीनशे मीटरपर्यंत चालावे लागेल. दीडशे मीटर जास्त. तरुण माणूस ते दोन मिनिटांच्या आत चालतो. गुडघे दुखणाऱ्या माणसाचा वेग सेकंदाला ऐंशी सेंटीमीटर धरला तर त्याला तीन मिनिटांहून जास्त लागतात. चढताना तीन, उतरल्यावर पुन्हा तीन. म्हणजे बसमध्ये दोन मिनिटे वाचवून वाईट परिस्थितीत सहा मिनिटे पायावर घालवली, तीही जुलैच्या उन्हात, हातात भाजीची गाडी ओढत.

ज्याचा थांबा नशिबाने तिथेच राहिला त्याला काही फरक पडणार नाही. पण एकंदर हिशेब असा की लांबच्या प्रवासाला फायदा आणि जवळच्या प्रवासाला तोटा. आणि वय वाढते तसे आपले प्रवास जवळचे होत जातात. नकाशा काढणाऱ्यांना आपल्याविषयी राग नसतो. ते सकाळी सातची गर्दी मोजतात, तो आकडा मोठा असतो. सकाळी दहाला रक्त तपासायला निघालेली आजी त्या मोजणीत येत नाही.

यावर उपाय आहे. मोठ्या रस्त्यावर जलद बस असावी आणि तिच्या जोडीला आतल्या गल्ल्यांतून फिरणारी लहान बस राहावी, जी दर दोन-तीनशे मीटरवर थांबते. पण होते काय, की जलद बस सुरू झाली की जुन्या गाड्या 'दुहेरी खर्च' म्हणून कमी केल्या जातात, किंवा त्यांचे मार्ग तोडून त्यांना जलद बसला माणसे आणून देणाऱ्या गाड्या बनवतात. क्रायोतमध्ये 2013 साली तसेच झाले. जुने मार्ग बदलले, पूर्वी थेट जाणाऱ्या पुष्कळांना बस बदलून जावे लागले आणि सुरुवातीचे कितीतरी महिने तक्रारी चालल्या. कागदावर बस बदलणे म्हणजे एक ठिपका. रावकावमध्ये नव्वद मिनिटांपर्यंत दुसऱ्या बससाठी वेगळे पैसे पडत नाहीत, आणि ठरावीक वय ओलांडलेल्यांना तर प्रवासच फुकट आहे. (फुकट असला तरी कार्ड यंत्राला लावावेच लागते, हे विसरू नये.) तेव्हा प्रश्न पैशाचा नाही. प्रश्न असा की दुसरी बस त्याच फलाटावर येते की रस्ता ओलांडून पलीकडे जावे लागते. बसायला बाक आहे का, त्याला पाठ आणि हात आहेत का. हात नसलेल्या बाकावरून उठणे काय असते ते नकाशा काढणाऱ्या तिशीच्या इंजिनियरला सांगितल्याशिवाय कळणार नाही.

आता वाट रस्त्याच्या कडेला असावी की मधोमध, हा प्रश्न. कडेला असली तर थांबा फूटपाथवरच, हे आपल्याला आवडते. पण कडेला माल उतरवणारी गाडी उभी राहते, कोणीतरी 'एकच मिनिट' म्हणून मोटार लावतो, उजवीकडे वळणाऱ्या मोटारी बसच्या पुढे येतात आणि प्रत्येक इमारतीच्या गॅरेजचे तोंड तिकडेच असते. बस अडकते. मधोमध असली तर यातले काही नसते, म्हणून जिथे रस्ता रुंद आहे तिथे मधली जागा पसंत करतात.

मधला फलाट म्हटला की आपली मंडळी घाबरतात, की रस्ता ओलांडावा लागणार. इथे पुन्हा थोडा हिशेब करू. थांबा कडेला असेल तर जाताना बस आपल्याच बाजूला मिळते, रस्ता ओलांडायचा नाही. पण परत येताना ती पलीकडच्या बाजूला उतरवते, आणि पूर्ण रस्ता एका दमात ओलांडावा लागतो. फलाट मधोमध असेल तर जाताना अर्धा रस्ता, येताना अर्धा रस्ता. बेरीज तीच! उलट अर्धा अर्धा ओलांडणे म्हाताऱ्या पायांना बरे. तेव्हा मधल्या फलाटाला केवळ मधला म्हणून विरोध करण्यात अर्थ नाही. तिथे जाण्याचा पट्टा कुठे आहे आणि हिरवा दिवा किती वेळ राहतो, हे पाहायला हवे.

पट्टा फलाटाच्या एकाच टोकाला असेल आणि आपली गल्ली दुसऱ्या टोकाला, तर माणसे पट्ट्यापर्यंत जात नाहीत, मधूनच घुसतात. हे सगळ्या देशांत सारखेच. पुण्याला डिसेंबर 2006 मध्ये कात्रज ते स्वारगेट आणि पुढे हडपसर असा बससाठी वेगळा रस्ता झाला, तेव्हा भारतातला पहिला प्रयोग म्हणून त्याचे कौतुक झाले होते. तिथे नेमके हेच दुखणे निघाले. बस मधल्या वाटेने जायच्या, पण माणसाने तिथपर्यंत सुखरूप पोचावे कसे याची सोय अपुरी होती. त्यात स्कूटरवाले मोकळी वाट पाहून तिच्यातच शिरायचे. दिल्लीला 2008 मध्ये आंबेडकर नगर ते मूलचंद असा जवळजवळ सहा किलोमीटरचा मार्ग केला, तो मोटारवाल्यांच्या रोषामुळे पुढे उखडूनच टाकला. अहमदाबादने मात्र घाई केली नाही. तिथे ऑक्टोबर 2009 मध्ये 'जनमार्ग' सुरू झाला, फलाट बसच्या दाराइतके उंच, तिकीट फलाटावर, वाट रस्त्याच्या मधोमध. अहमदाबादहून आलेल्या आपल्या मंडळींच्या नातेवाइकांनी त्यातून प्रवास केला असेल. त्यांना विचारावे.

सर्वांत बोधप्रद गोष्ट आम्हाला पिंपरी-चिंचवडची वाटते. पुण्याला लागून असलेले हे कारखान्यांचे शहर. रस्ते पहिल्यापासून रुंद आखलेले, निगडी ते दापोडी हा जुना मुंबई-पुणे रस्ता तर एकसष्ट मीटर रुंद. जागेची अडचण नाही, असे भाग्य फार थोड्या शहरांना मिळते. 2015 मध्ये सांगवी ते किवळे हा साडेचौदा किलोमीटरचा मार्ग तिथे सुरू झाला. पण निगडी-दापोडीची बसची वाट बांधून तयार असूनही वर्षानुवर्षे रिकामी पडून राहिली. पायी चालणाऱ्यांच्या सुरक्षेचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला, पवईच्या आय.आय.टी.कडून तपासणी झाली, त्यानंतर 2018 मध्ये तिथून बस धावली. सिमेंट ओतून झाल्यावर फलाटाची जागा बदलणे फार महाग पडते, म्हणून जे विचारायचे ते नकाशा कागदावर असतानाच विचारावे, हे त्यातून आम्ही शिकलो.

हिरव्या दिव्याचेही गणित सांगून टाकतो. समजा रस्त्यात मोटारींच्या चार ओळी, बसच्या दोन आणि मध्ये फलाट, मिळून सव्वीस मीटर. चालणारा माणूस सेकंदाला एक मीटर वीस सेंटीमीटर जातो असे बहुतेक ठिकाणी धरतात. त्या वेगाने बावीस सेकंद लागतात. आपल्या वेगाने, म्हणजे ऐंशी सेंटीमीटरने, तेहतीस सेकंद. मधले अकरा सेकंद कोण देणार? शिवाय बस जवळ आली की सिग्नल तिला वेळ देतो, तो कुठून तरी काढूनच. आडव्या रस्त्याच्या मोटारींकडून काढला तर त्या थोड्या जास्त थांबतील. पायी चालणाऱ्याकडून काढला तर आपण रस्त्याच्या मध्यात अडकतो. पायी चालणाऱ्याचा हिरवा दिवा एका ठरावीक सेकंदांखाली कधीच जाणार नाही अशी अट सिग्नलच्या यंत्रात घालता येते. घातली आहे का, हे विचारायचे.

आणखी एक गोष्ट आपल्या देशात विचारलीच पाहिजे. बऱ्याच ठिकाणी बटन दाबल्याशिवाय पायी चालणाऱ्याला हिरवा दिवा मिळत नाही. शब्बातला सिनेगॉगला पायी जाणारा माणूस बटन दाबणार नाही. रस्ता पूर्वी अरुंद होता तेव्हा इकडे-तिकडे पाहून जाता येत होते, आता तो सहा ओळींचा झाला. तेव्हा शुक्रवार संध्याकाळपासून दिवा आपोआप फिरत राहावा अशी सोय तिथे हवी. यंत्राच्या दृष्टीने हे अवघड नाही, पण सांगितल्याशिवाय होत नाही.

उंच फलाटाबद्दल मात्र आम्ही मनापासून चांगले बोलू. बसच्या तीन पायऱ्या चढताना दांडा धरून स्वतःला वर ओढायचे, मागून लोक ढकलत असतात, ड्रायव्हर आरशात पाहत असतो, हे ज्याने अनुभवले आहे त्याला सपाट दारातून आत पाऊल टाकण्याचे सुख सांगायला नको. चाकाची खुर्ची, वॉकर, नातवंडाची गाडी, सगळे सरळ आत जाते. अट एकच, ड्रायव्हरने गाडी फलाटाला अगदी लागून उभी केली पाहिजे. हातभर फट राहिली तर सगळा फायदा गेला. दर चार-पाच मिनिटांनी बस येत असेल तर तिच्यामागे धावायची गरज उरत नाही, हाही मोठा लाभ. आपल्या वयाची माणसे रस्त्यात पडतात ती बहुधा समोर बस दिसली म्हणून घाई केल्यामुळे.

बांधकामाच्या काळाबद्दल थोडे. दोन-तीन वर्षे रस्ता खणलेला राहतो, थांबे दर महिन्याला जागा बदलतात, फूटपाथऐवजी पत्र्याच्या कुंपणातून वाट असते. दुकानदार रडतात, आणि त्यात खोटे काही नसते. या काळात नवा थांबा कुठे गेला याचा कागद मोठ्या अक्षरांत आणि जुन्या थांब्यावरच लावला जावा, एवढी तरी मागणी आपण करावी.

मग सांगायचे कोणाला? रस्ता रुंद करण्यासाठी गावाच्या आराखड्यात बदल करायचा असेल तर तो आराखडा लोकांना पाहण्यासाठी ठेवावा लागतो, वर्तमानपत्रांत जाहीर करावा लागतो, आणि त्यानंतर साठ दिवसांच्या आत हितनग्दूत, म्हणजे लेखी हरकत देता येते. वकील लागतोच असे नाही. पण जिथे रस्त्याची हद्द बदलत नाही, फक्त ओळी नव्याने आखायच्या असतात, तिथे अशी पायरी नसू शकते. तिथे इरियाच्या बैठकीला जाणे किंवा आपल्या भागाच्या नगरसेवकाला गाठणे हाच मार्ग. एकट्याने जाऊ नये. दहाजणांनी जावे, आणि नकाशा वाचायला एखादे नातवंड बरोबर घ्यावे. आमचा अनुभव असा की नातवंडांना हे काम आवडते.

तिथे गेल्यावर 'आम्हाला बस नको' असे म्हणू नये. तसे म्हटले की अधिकारी मान हलवतात आणि वहीत काही लिहीत नाहीत. नकाशावर बोट ठेवून बोलावे. हा आमचा थांबा, तो काढलात तर पुढचा किती मीटरवर? या इमारतीत आमच्या वयाची किती माणसे आहेत ते आम्ही लिहून आणले आहे. आतली लहान बस जलद बस सुरू झाल्यावरही राहील का, आणि दिवसाच्या मधल्या वेळात किती मिनिटांनी येईल? कुपात होलीमला जायला बस बदलावी लागेल का, आणि बदलायची तर त्याच फलाटावर का? ही उत्तरे लेखी मागावीत. वआद बायितने आपल्या इमारतीतून कोणकोण कुठे जाते याची यादी केली तर तिचे वजन पडते, कारण सकाळी दहाची ती आजी त्या यादीत असते.

नकाशा मंजूर होऊन बस धावू लागली असेल तर फलाट हलणार नाही, पण बाक, सावली, दिव्याचे सेकंद आणि लहान बसच्या वेळा तेव्हाही बदलता येतात. त्यासाठी इरियाचा 106 हा क्रमांक आहे. फोन करताना 'सिग्नल फार लवकर लाल होतो' एवढेच सांगून भागत नाही. कुठला चौक, कुठल्या बाजूने कुठल्या बाजूला, कुठल्या वाराला किती वाजता, हिरवा दिवा किती सेकंद राहिला आणि आपल्याला पलीकडे पोचायला किती सेकंद लागले, हे घड्याळाकडे पाहून मोजावे, लिहून ठेवावे आणि तेच वाचून दाखवावे. फोनवरची मुलगी तक्रारीचा क्रमांक देईल, तोही त्याच कागदावर लिहावा.